गाणारा कोट

आमच्या शेजारच्या शेंडे गुरुजींचा कोट गातो. दिवाळी झाली की गुरुजी पेटीतून आपला तपकिरी कोट काढतात, दोन दिवस उन्हात घालतात, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्या डाव्या बाजूच्या आतल्या खिशातून किर्र किर्र असा आवाज यायला लागतो. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात नवा आलेला माणूस आधी स्वतःचा मोबाइल तपासतो, मग आजूबाजूच्यांकडे संशयाने बघतो. गुरुजी खिशावर हात ठेवून शांतपणे सांगतात, "काही नाही, जागा झाला वाटते."

खिशात रातकिडा असतो. वाळलेल्या छोट्या भोपळ्याची तुंबी, तिच्या तोंडावर करवंटीचं भोकं पाडलेलं झाकण, आणि आत हा गवई. चीनमध्ये जुन्या काळी शिकलीसवरलेली माणसं थंडीच्या दिवसांत असाच रातकिडा छातीशी बाळगायची. अंगाच्या उबेनं तो जगायचा आणि भर दुपारी गायचा. हे मला गुरुजींनी सांगितलं. चीनबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते सगळं गुरुजींनीच सांगितलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं मी न विचारता.

मागे एकदा आम्हा पेन्शनर मंडळींची शोकसभा होती. भाषणं झाली, मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, आणि गुरुजींचा खिसा गायला लागला. चार जणांनी घाईघाईनं आपापले मोबाइल बंद केले. अध्यक्षांनी डोळे मिटल्या मिटल्या कपाळाला आठ्या घातल्या. गुरुजी मात्र खाली मान घालून उभे होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "गुरुजी, आजच्या दिवस तरी त्याले घरी ठेवाचं होतं." त्यावर ते म्हणाले, "काहून? साऱ्या सभेत खरा तोच रडला."

मी सिंचन खात्यातून बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झालो, आणि गुरुजी मला अजून बडेबाबूच म्हणतात. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. मला दुपारी झोपायला आवडतं आणि गुरुजींना दुपारी बोलायला आवडतं. शेजारधर्मात कोणीतरी नमतं घ्यावं लागतं, ते गेली वीस वर्षं मी घेत आलो आहे.

गुरुजींना हे चीनचं वेड लागलं ते उकव्याला, जंगलातल्या मँगनीज खाणीच्या गावी. नोकरीच्या सुरुवातीला त्यांची बदली तिथल्या प्राथमिक शाळेत झाली होती. त्या वर्षी रस्ता खचून बैहरची बस बंद पडली आणि गुरुजी जंगलात अडकले. खाणीच्या क्लबातल्या एका कपाटात त्यांना चीनहून पोस्टानं येणाऱ्या एका हिंदी सचित्र मासिकाचा गठ्ठा सापडला. त्यातली ट्रॅक्टर आणि धरणांची पानं त्यांनी सोडून दिली. जुनी चित्रं, जुन्या कविता, शाई घोटणारे शिष्य, ओंजळीएवढ्या वाडग्यात मासे पाळणारे म्हातारे, एवढंच वाचलं. पण तीन-तीनदा वाचलं. बाकीची माणसं उकव्याहून मँगनीज घेऊन निघायची, गुरुजी चीन घेऊन आले.

तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे. बांबू दिसू दे, बगळा दिसू दे, नाहीतर नुसता ओबडधोबड दगड, गुरुजी थांबतात आणि म्हणतात, "तिकडं याले लय इज्जत आहे." माझी बायको एकदा म्हणाली, "तिकडं बायकोले बी इज्जत असन, तर इकडच्यायले सांगा जरा." गुरुजींनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं की त्याबद्दल मासिकात काही आलं नव्हतं.

शाळेत त्यांच्याकडे चित्रकलाही असायची. तिकडचा शिष्य आधी शाई घोटतो, मग कुंचला धरतो, असं वाचल्यामुळे त्यांनी पाचवीच्या पोरांना काजळ आणि डिंक देऊन महिनाभर नुसती शाई घोटायला लावली. महिन्याच्या शेवटी पोरं नखशिखांत काळी झाली होती आणि कागद पांढरे होते. आयांनी शाळेवर मोर्चा आणला. गुरुजींनी त्यांना बसवून समजावलं की शाई घोटता घोटता मन थाऱ्यावर येते. एक बाई म्हणाली, "मन थाऱ्यावर आलं, पर गंजीफ्राक कसा येईन थाऱ्यावर?" पुढल्या महिन्यात पोरांनी कुंचला धरला. त्यानंतर वर्षभर त्यांनी फक्त बांबू काढला, कारण गुरुजींना तेवढंच येत होतं.

निरोपाचीही त्यांची एक रीत आहे. तिकडं म्हणे माणूस दूर गावाला निघाला की त्याच्या हातात झाडाची एक फांदी देतात. थांब, जाऊ नको, असा तिचा अर्थ. तिकडचं ते नदीकाठचं झाड आपल्याकडे नाही, म्हणून गुरुजी कडुनिंबावर भागवायचे. माझा मेहुणा तुमसरला परत निघाला तेव्हा गुरुजी बसस्टँडपर्यंत आले आणि कटंगीवरून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून त्याच्या हातात कडुनिंबाची काडी दिली. त्यांचे डोळे पाणावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याचा फोन आला. "गुरुजीले सांगजा, दातून चांगलं होतं, थोडं जून निघालं." मी हे सांगायला नको होतं, पण सांगितलं. गुरुजी दोन दिवस भिंतीपाशी आले नाहीत. त्यानंतर ते बांबूची डहाळी देऊ लागले.

कविताही करतात. चार ओळींच्या वर जात नाहीत. एक मला पाठ आहे, कारण ती ऐकून मी अडचणीत आलो होतो.

दोरीवर सदरा वाळतो आहे.
वाऱ्यानं त्याचा हात हलवला.
मी आतून म्हटलं, या.
वारा पडला.

मी बराच वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "मंग पुढं?"

"पुढं काही नाही. तिकडं इथंच थांबतेत."

मी चाळीस वर्षं सरकारी टिपणं लिहिली. "आगामी आदेशार्थ प्रस्तुत" असं लिहिल्याशिवाय मला काही संपल्यासारखंच वाटत नाही. मी आपली मान हलवली.

सरहद्दीवर काही कमीजास्त झालं की चौकातली मंडळी गुरुजींना छेडतात. चहाच्या टपरीवर एकदा कोणीतरी म्हणालंच, "गुरुजी, आता तरी ते चिनी सामान फेका." गुरुजींनी खिशातून तुंबी काढून टेबलावर ठेवली. "तुंबी बैहरच्या बाजारची. किडा लामत्याच्या बांधावरचा. खाते तो आपला चिन्नोर तांदूळ. यात चीनचं काय आहे दाखवा." एकानं तुंबी उलटीपालटी करून पाहिली आणि परत ठेवली. मग तेच म्हणाले, "आपला धम्म इथून तिकडं पायी पायी गेला. तिकडून एक किडा पाळाची रीत आली, तं दरवाजा काहून लावता?" यावर टपरीवाल्यानं त्यांना चहा पाजला.

चिन्नोरचं मात्र खरं आहे. आमच्या घरी तो सुवासाचा तांदूळ सणासुदीला शिजतो, आणि हा किडा रोज दोन दाणे खातो. वर काकडीची चकती.

आता मागच्या हिवाळ्याची गोष्ट. दरवर्षी धानाची कापणी झाली की गुरुजी लामत्याला भाचीच्या शेतावर जातात आणि एक रातकिडा धरून आणतात. पहिल्याच वर्षी त्यांनी चुकून मादी आणली होती. महिनाभर तिला काकडी खिलवली आणि मग कळलं की मादी गात नाही. गाणारा तो नर, मादीच्या शेपटाला सुईसारखं टोक असतं. तेव्हापासून ते भिंग लावून शेपूट तपासतात. त्या वेळीही तपासून आणला. आठवड्यानं भिंतीपाशी आले, तोंड उतरलेलं.

"बडेबाबू, यंदाचा मुका निघाला."

ते हे सांगत असताना त्यांच्या खिशात रातकिडा जीव तोडून गात होता. मला वाटलं, गुरुजी थट्टा करताहेत. मी हसलो. ते हसले नाहीत. "आठ दिस झाले, एक आवाज नाही," ते म्हणाले. माझी बायको आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. तिलाही किर्र किर्र ऐकू येत होतं.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, कान जायचेच. पण खरं बोलायची माझी सवय नोकरीतच मोडली. मी म्हटलं, "असं?" आणि आणखी घोळात पडू नये म्हणून आत गेलो.

गुरुजींनी तो किडा जास्वंदीखाली सोडून दिला. मग बसनं पुन्हा लामत्याला गेले, बांधावर गुडघे टेकून दुसरा धरून आणला. तोही मुका निघाला. तोही आमच्या दोन्ही घरांना ऐकू जाईल असा गात होता.

बायको म्हणाली, "सांगत काहून नाही तुमी?"

"तू सांग."

"मी काहून सांगू? दोस्त तुमचे."

"तुह्या हातचा चहा पेतेत ते."

असं आमचं चार दिवस चाललं. तेवढ्यात गुरुजी तिसऱ्यांदा लामत्याला जाऊन आले. या खेपेला बांधावरून घसरून त्यांचं ढोपर फुटलं. मला स्वतःची लाज वाटली, तरी मी गप्पच राहिलो. तिसरा किडाही मुका ठरल्यावर गुरुजींनी कारण शोधून काढलं. धानावर फवारतात त्या औषधानं लामत्याचे सगळे रातकिडे मुके झाले आहेत, आणि ही गोष्ट सरकारच्या कानावर घातली पाहिजे. त्यांनी कृषी विभागाला अर्ज लिहिला आणि माझ्याकडे तपासायला आणला. आमच्याकडे सरकारी कामकाज हिंदीत चालतं, म्हणून विषय असा होता: "लामता क्षेत्र के झींगुरों के चुप हो जाने के संबंध में."

मी काय केलं, ते सांगायला जड जातं. मी चष्मा लावला आणि "चुप"च्या जागी "मौन" केलं. अर्जात दोन ठिकाणी "सविनय" घातलं. शेवटी "उचित कार्यवाही की कृपा करें" असं झोकात लिहिलं. हे सगळं होईपर्यंत मौन झालेला झींगुर माझ्यापासून हातभर अंतरावर गात होता. गुरुजी खूश झाले. सोमवारी मी स्वतः नेऊन देतो, म्हणाले.

रविवारी मला जेवण गेलं नाही. सोमवारी गुरुजी त्या कार्यालयात उभे राहून अर्ज वाचून दाखवणार, खिसा गात असणार, आणि टेबलामागची पोरं हसून लोळणार. मी असल्या टेबलांमागे जन्म काढला आहे, ती कशी हसतात ते मला माहीत आहे. दुपारी सांगायचंच, असं ठरवून मी अंगणात खुर्ची टाकली. गुरुजी आधीच येऊन बसले होते. अर्जाला पुरावा म्हणून किड्याचं चित्र जोडायचं त्यांच्या मनात आलं होतं. त्यांनी काचेच्या वाटीत किडा ठेवला, वर जाळीचं फडकं बांधलं, शाई घोटली. ऊन छान पडलं होतं. किडा तापला आणि गायला लागला.

गुरुजींनी मिशा काढल्या, पाय काढले. मग पंखावर आले आणि त्यांचा कुंचला थांबला. रातकिडा तोंडानं गात नाही. पंख वर उचलतो आणि एकावर एक घासतो. हे गुरुजींनीच मला शंभरदा सांगितलं होतं. आता ते पंख त्यांच्या नाकासमोर उभे राहून थरथरत होते.

त्यांनी भिंग लावून पंख पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बडेबाबू, हा आत्ता गाऊन राह्यला का?"

"हौ," मी म्हटलं.

"पह्यले दोन बी?"

"हौ, गुरुजी."

त्यांनी कुंचला धुतला. फडक्यानं पुसला. अर्जाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "भाषा चांगली होती." त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

बायको चहा घेऊन आली आणि पायरीवर बसली. गुरुजी तिलाच सांगू लागले. "शांता होती तवा सयपाक करता करता गुणगुणत जाये. काय गुणगुणे, मी कदी आयकलं नाही नीट. पर दुसऱ्या खोलीतून काही आवाज येत राह्यला का घर भरलं वाटते. ती गेली, तवापासून हे पाळू लागलो. लोकायले सांगाले चीन बरा पडते." ते चहा प्यायले. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत मी त्यांना एकदाही त्याबद्दल विचारलं नव्हतं.

पुढल्या आठवड्यात ते गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. माणसाचं बोलणं अजून ठीक ऐकू येतं, बारीक आवाज तेवढे गेले, मशीननं फार फरक पडणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. मला वाटलं, आता हा किडाही जास्वंदीखाली जाणार. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, नेमका माझा डोळा लागत असताना, गुरुजी आले आणि खिशातून तुंबी काढून टेबलावर ठेवली.

"गाते का?"

"गाते."

"कसा?"

मी उठून बसलो. कसा गातो म्हणजे काय सांगणार? बांधकामाचा अंदाजपत्रकी तपशील मला एका दमात सांगता येतो, पण आवाजाचं वर्णन मी जन्मात केलं नव्हतं. मी म्हटलं, "किर्र किर्र." गुरुजी वाट पाहत राहिले. "बारीक आहे," मी म्हटलं. "थोडा थांबते, मंग पुन्हा सुरू करते." आतून बायको म्हणाली, "दूर कोणाच्या घरी शिलाई मशीन चालून राह्यली, तसा." गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हौ. बरोबर. तसाच."

तेव्हापासून रोज दुपारी हा कार्यक्रम सुरू झाला. माझी झोप गेली, ती गेलीच. पण हळूहळू मला त्यात रस यायला लागला. सकाळी पेपर वाचता वाचता माझा कान भिंतीपलीकडे लागायचा. ढग आले की तो बसक्या आवाजात गातो, काकडी मिळाली की घाईत गातो, बाहेरून ट्रक गेला की गप्प बसतो आणि मग जरा रागावल्यासारखा सुरू होतो. हे मी गुरुजींना सांगायचो. पुढे तर किड्यावरून मी इकडेतिकडेही जायला लागलो. धापेवाड्याला नोकरीत असताना डाकबंगल्यात ऐकलेला बेडकांचा कालवा, आमच्या आईच्या जात्याची घरघर. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. बायको म्हणाली, "चाळीस वर्षांत माह्यासंग इतलं बोलले नाही तुमी." ते खरं होतं.

पळस फुलायला लागला, तसे उन्हाळ्याचे वेध लागले. रातकिड्याचं आयुष्य तेवढंच असतं, हे मला आता माहीत होतं. एका दुपारी गुरुजींनी तुंबी ठेवली आणि विचारलं, "आज कसा?"

मी कान दिला. काहीच नव्हतं. खाली वाकून, पाण्याचा पेला उचलायच्या निमित्तानं कान जवळ नेला. तरी काही नाही. गुरुजी डोळे मिटून बसले होते, चेहऱ्यावर तेच थोडंसं हसू. माझ्यानं सांगवेना.

"मस्त गाऊन राह्यला," मी म्हटलं. "आज जरा संथ आहे. दमानं."

आणि मग मी दमानं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तुंबी आली, दुसऱ्या दिवशीही मी सांगितलं, आधीच्यापेक्षा जास्तच. बायको दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

तिसऱ्या दिवशी मी बोलत असताना गुरुजींनी हात पुढे करून तुंबीचं झाकण काढलं आणि ती माझ्याकडे कलती केली. आत काही नव्हतं. साफ पुसलेली होती.

"परवा सकाळीच गेला तो," गुरुजी म्हणाले. "अंगणात मातीआड केला मी त्याले."

"मंग गुरुजी, हे तीन दिस तुमी...?"

"आयकत होतो."

"काय?"

"तुमाले." त्यांनी तुंबी टेबलावर सरळ ठेवली. "घरी माह्यासंग बोलाले कोणी नाही, बडेबाबू. तुमचं बोलणं येते मले आयकू. थांबले काहून?"

मी तुंबीचं झाकण लावलं, खुर्ची थोडी त्यांच्याजवळ ओढली, आणि आज तो कसा गातो आहे ते सांगू लागलो.